घरी पीसी जोडताय? पहिल्यांदा चालू करताना या चुका टाळा

मे महिना, रात्रीचे साडेदहा, अमळनेरहून भाच्याचा फोन. "मामा, पंखा फिरी राहिना पन स्क्रीनवर काहीच नही." म्हणजे पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी. वर्षभर पैसे साठवून एकेक पार्ट स्वतः निवडून आणला होता पोराने, आवाज पार रडवेला झालेला. मी धुळ्यात, तेव्हा त्याला म्हटलं आता काही उघडू नको, मेन बंद कर आणि झोप, सकाळच्या एसटीने येतो.

तुमच्याकडेही असंच झालं असेल तर आधी एक लक्षात घ्या, पंखा फिरतोय आणि डिस्प्ले नाही म्हणजे पार्ट जळाला असं नसतं. बहुतेक वेळा काहीतरी नीट बसलेलं नसतं. आणि ते शोधायला इतका त्रास का होतो, तर आपण सगळं कॅबिनेटमध्ये कोंबून, केबली टायने बांधून, काच लावून मग पहिल्यांदा बटण दाबतो. ही सगळ्यात मोठी चूक. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, कुलर, एकच रॅम आणि पॉवर सप्लाय एवढंच लावा, पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा आणि बायोस (विंडोजच्या आधी येणारा बोर्डाचा स्वतःचा सेटिंगचा स्क्रीन) दिसतं का बघा. दिसलं की मग बाकीचं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल (इंटेलमध्ये नावाशेवटी एफ असतो ते, किंवा रायझन ५ ५६०० सारखे) तर ग्राफिक कार्डपण तिथंच लावावं लागेल, आणि कार्ड लावलं की एचडीएमआय केबल कार्डातच खोचा, मदरबोर्डच्या भोकात नाही. ही चूक मी इतक्या घरी बघितलीय की आता फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो.

भाच्याकडे गेल्यावर आधी सीपीयूची, म्हणजे प्रोसेसरची, पॉवर बघितली. मोठा २४ पिनचा कनेक्टर सगळे लावतात पण बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला ८ पिनचा राहून जातो, आणि तो नसला तरी पंखे फिरतात म्हणून माणूस फसतो. ४ अधिक ४ असा फुटणारा सीपीयूचा, ६ अधिक २ फुटणारा ग्राफिक कार्डाचा, जोर लावून एकाच्या जागी दुसरा घुसवू नका. त्याने हे बरोबर केलं होतं. रॅम मात्र पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन काड्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा धरायचा, बोर्डाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. आणि एक काडी एका बाजूने अर्धवट वर होती. पोरांना भीती वाटते बोर्ड मोडेल म्हणून, पण दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबायचं, टक् असा आवाज आला पाहिजे.

रॅम बसवली, चालू केलं, तरी स्क्रीन काळीच. बोर्डावर डीरॅम (म्हणजे रॅमच) लिहिलेला बारका दिवा पिवळा पेटलेला. भाचा लगेच बटणाकडे धावला, मी हात धरला. एएम५ बोर्ड (नव्या रायझन प्रोसेसरचा) आणि डीडीआर५ ही नवी रॅम असली की पहिल्यांदा बोर्ड रॅम तपासून जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. रात्री त्याने दर अर्ध्या मिनिटाला बंद-चालू केलं होतं. आम्ही ताईने केलेला चहा घेतला, कप अर्धा झाला तेव्हा स्क्रीन उजळली आणि पोरगा खुर्चीवरून उभाच राहिला. घाई केली असती तर रॅम बदलायला दुकानात गेलो असतो.

पंधरा मिनिटं थांबूनही काही नाही तर मग एकच रॅम ठेवा, मेन बंद करून बोर्डावरचा गोल सेल थोडा वेळ काढून परत लावा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात. ते दिवे वाचायला शिका, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए (ग्राफिक कार्ड), बूट (विंडोजची ड्राइव्ह), ज्यावर अडकतो तिथं दोष शोधायचा. बूटचा दिवा विंडोज टाकेपर्यंत राहिला तर काळजी नको.

बटण दाबल्यावर काहीच झालं नाही तर आधी पॉवर सप्लायच्या मागचा स्विच बघा, मग पुढच्या पॅनलच्या बारीक वायरी. बोर्डाखाली जास्तीचा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो बारका खुंट) राहिला तरी शॉर्ट होतो. दुसऱ्या पॉवर सप्लायच्या केबली कधीच वापरू नका, तोंड सारखं दिसतं पण आतल्या वायरींचा क्रम वेगळा असतो, ड्राइव्ह जळते.

आता आपल्याकडची खरी गोष्ट, अर्थिंग. त्या जुन्या घरात अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या येत होत्या, टेस्टर लावला तर दिवा लागला. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो, तो अर्थिंगमधून जायला हवा, पण सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला वायरच नव्हती. असं असेल तर आधी वायरमन बोलवा, पीसी नंतर. अर्थिंगचा खड्डा असेल तरी उन्हाळ्यात आपली जमीन कोरडी ठाक पडते, तेव्हा त्यात पाणी टाकत जा. याच कोरड्या हवेत अंगावर स्टॅटिक जास्त साठतं म्हणून रॅम हातात घेण्याआधी नळाला किंवा लोखंडी खिडकीला हात लावा. आणि बायोस अपडेट करायचं तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरच, मध्येच लाईट गेली तर बोर्ड उठत नाही.

बायोस दिसलं की तिथं सीपीयूचं तापमान बघा. बघता बघता ८० च्या वर चढत गेलं तर कुलरखालची प्लॅस्टिकची पट्टी काढायची राहिली असेल किंवा स्क्रू ढिले असतील, लगेच बंद करा. बाहेर ४४-४५ डिग्री असताना आत हवा तीच जाते, त्यामुळे पुढून जाळी असलेलं कॅबिनेटच घ्या, काचेचं कितीही छान दिसलं तरी.

भाच्याचं टेबल नेमकं खिडकीतल्या वाळ्याच्या कुलरसमोर होतं, बारीक तुषार थेट कॅबिनेटवर. ते उचलून आम्ही समोरच्या भिंतीला लावलं, वायरमन दुपारी तीनला आला, आणि विंडोज संध्याकाळी टाकलं.