घरचा पास्ता: पहिल्यांदा करताना

घरी पास्ता करायला मशीन लागत नाही आणि खास इटालियन पीठही लागत नाही. मैदा, अंडी, लाटणं आणि धारदार सुरी एवढ्यावर काम भागतं. पास्ता बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने, ते म्हणजे सैल भिजवलेलं पीठ. हे पीठ घट्टच हवं. सुरुवातीला मळताना हात भरून आले तरी लगेच पाण्याकडे धावू नका.

दोघांसाठी 200 ग्रॅम मैदा आणि 2 अंडी घ्या. दर 100 ग्रॅमला एक अंडं हे प्रमाण लक्षात राहायला सोपं आहे, पण अंडी लहानमोठी असतात. वजनकाटा असेल तर फोडलेली अंडी 110 ग्रॅमच्या आसपास भरतात का बघा. कमी भरली तर एखादा बलक किंवा चमचाभर पाणी घाला, जास्त झाली तर थोडा पांढरा भाग काढून ठेवा. मीठ पिठात नको, ते शिजवायच्या पाण्यात घालायचंच आहे. कणीक वापरायची असेल तर मैद्याच्या पाव भागापर्यंतच मिसळा. कोंड्याचे कण ग्लुटेनची, म्हणजे पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाची, जाळी तोडतात आणि पातळ लाटताना पोळी फाटते.

ओट्यावर किंवा परातीत मैद्याचं आळं करून त्यात अंडी फोडा. काट्याने अंडी फेटता फेटता आतल्या कडेचा मैदा थोडा थोडा ओढत जा. मिश्रण दाटसर झालं की हाताने गोळा करा. या टप्प्यावर गोळा कोरडा, खडबडीत आणि भेगाळलेला दिसतो, आणि इथेच बहुतेक जण पाणी ओततात. तसं करू नका. तळव्याने पुढे रेटा, दुमडा, वळवा, पुन्हा रेटा. पाचेक मिनिटांत पीठ आपोआप एकजीव व्हायला लागतं. इतकं मळूनही तळाला कोरडा भुगा उरलाच, तर फक्त हात ओला करून मळा. एकूण 8 ते 10 मिनिटं मळल्यावर गोळा गुळगुळीत होतो आणि बोटाने दाबलेला खळगा हळूहळू वर येतो.

आता गोळा घट्ट झाकून 30 मिनिटं बाहेरच ठेवा. ही अर्ध्या तासाची विश्रांती टाळता येत नाही. तेवढ्यात मैद्यात ओल सगळीकडे मुरते आणि मळून ताणलेलं ग्लुटेन सैलावतं. लाटलेली पोळी सारखी आखडून मागे येत असेल, तर पीठ पुरतं मुरलेलं नाही. जोर लावण्याऐवजी आणखी 10 मिनिटं झाकून ठेवा.

गोळ्याचे चार भाग करा. एक लाटायला घ्या, बाकीचे झाकून ठेवा, कारण उघड्या पिठावर काही मिनिटांतच सुकी साय धरते आणि पुढे तिथेच पोळी चिरते. लाटणं मधून कडेकडे न्या, दर दोन-तीन वेळा पोळी पाव फेरा फिरवा. पट्ट्यांसाठी जाडी जेमतेम 1 मिलिमीटर हवी. पोळी छापील कागदावर धरली तर खालच्या ओळी अंधुक दिसायला हव्यात. शिजल्यावर पास्ता फुगतो, त्यामुळे शंका आली तर आणखी एकदा लाटणं फिरवाच. मशीन असेल तर सर्वांत रुंद फटीतून तीन-चार वेळा दुमडून काढा, मग एकेक आकडा पुढे जा. मशीन पाण्याने धुवायचं नाही, कोरड्या ब्रशने झाडायचं.

लाटलेली पोळी 10 मिनिटं उघडी ठेवा. हाताला चिकटेनाशी झाली, पण अजून न मोडता वाकते, अशा वेळी कापा. वर बारीक रवा भुरभुरा. मैदा ओल शोषून चिकट होतो, रवा मोकळा राहतो. पोळीची सैलसर गुंडाळी करून 2 सेंटिमीटरच्या पट्ट्या कापल्या की झाली पापारदेल्ले. 7-8 मिलिमीटरच्या पट्ट्या म्हणजे तालियातेल्ले. कापल्याबरोबर पट्ट्या झटकून मोकळ्या करा. वेड्यावाकड्या कापलेल्या तुकड्यांनाही इटलीत माल्ताल्याती असं नाव आहे, आणि पहिल्या खेपेला मी तेच सुचवेन. फारफाल्लेसाठी, म्हणजे फुलपाखराच्या आकाराच्या पास्त्यासाठी, कातण्याने 3 बाय 5 सेंटिमीटरचे तुकडे करून मधोमध चिमटा घट्ट दाबा. सारण भरलेली राविओली मात्र हात बसल्यावरच करा. तिथे पोळी आणखी पातळ लागते, सारण कोरडं लागतं, आणि आत हवा राहिली तर ती पाण्यात फुटते.

अंडं नको असेल तर ड्युरम या कडक जातीच्या गव्हाचा बारीक रवा 200 ग्रॅम आणि कोमट पाणी 100 मिलिलिटर घ्या. जाडसर रव्याचं पीठ नीट बांधलं जात नाही. बारीक रवा मिळाला नाही तर निम्मा मैदा मिसळा. मळणं आणि मुरवणं तसंच. हे पीठ लाटण्यापेक्षा हाताने आकार द्यायला चांगलं. बोटाएवढ्या जाड वळ्या करून 1 सेंटिमीटरचे तुकडे पाडा. बोथट सुरीचं पातं तुकड्यावर टेकवून आपल्याकडे ओढा, तुकडा पात्याभोवती वळतो. मग तो अंगठ्याच्या टोकावर उलटा करा. खडबडीत बाजू वर आली की ओरेक्किएत्ते, म्हणजे छोट्या कानांच्या आकाराचा पास्ता, तयार. त्या खडबडीतपणावरच सॉस धरतो.

शिजवायला 200 ग्रॅम पिठाच्या पास्त्याला 3 लिटर पाणी आणि लिटरमागे 10 ग्रॅम मीठ घ्या. पाण्यात तेल नको, त्याने सॉस निसटतो. पाणी खळाळून उकळलं की जादा रवा झटकून पास्ता सोडा आणि पहिलं अर्धं मिनिट ढवळत राहा. गोळा होतो तो याच अर्ध्या मिनिटात. अंड्याच्या पट्ट्या 2 ते 3 मिनिटांत होतात, ओरेक्किएत्तेंना 5-6 मिनिटं लागतात. घड्याळापेक्षा एक तुकडा चावून बघा. आत कच्च्या पिठाची चव नको, पण दाताला थोडा विरोध हवा.

निथळण्याआधी वाटीभर पाणी काढून ठेवा. पास्ता धुऊ नका. थेट गरम सॉसमध्ये टाकून त्यातलं थोडं पाणी घाला आणि मिनिटभर हलवा. पाण्यातल्या स्टार्चमुळे लोणी आणि चीजसुद्धा मिळून येतात.

उरलेला कच्चा पास्ता रवा लावून फ्रीजमध्ये एक दिवस ठेवता येतो. त्यापुढे तो करडा पडू लागतो. जास्त दिवसांसाठी ताटात सुटा पसरून आधी गोठवा, मग डब्यात भरा, महिनाभर चालतो. शिजवताना वितळू न देता तसाच उकळत्या पाण्यात टाका आणि एक मिनिट जास्त द्या.