कमिटीसोबत बसण्यापूर्वी: लहान ख्रिस्ती मंडळीच्या मार्गदर्शकाने करावयाची तयारी

लहान ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे एका चर्चमध्ये एकत्र उपासना करणाऱ्या कुटुंबांच्या समूहाच्या, पुढाऱ्यांना मार्गदर्शन करण्यासाठी बाहेरून जाणाऱ्याने घर सोडण्यापूर्वी काय काय विचारून आणि पाहून ठेवावे, याची ही यादी मी स्वतःच्या एका चुकीनंतर लिहीत आहे. तीन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, सुमारे चाळीस कुटुंबांच्या मंडळीत, मी दहा महिने दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जात होतो. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, उत्साही होते, कमिटीचे नऊही सभासद बैठकीला येत, चार वस्त्यांत घरगुती प्रार्थनासभा सुरू झाल्या आणि शब्बाथशाळेला (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला) दोन नवे शिक्षक मिळाले. मे महिन्यात पाळकसाहेबांची बदली झाली. जून संपण्याआधी चारपैकी तीन सभा बंद पडल्या, कारण कोणत्या घरी कोणी जायचे, कोण आजारी आहे, कोणत्या दोन घरांत अबोला आहे, हे सारे त्यांच्या डायरीत होते आणि डायरी त्यांच्याबरोबर गेली. बदली होणार हे सेक्रेटरींना आणि कमिटीतील आणखी दोघांना माझ्या पहिल्या भेटीपूर्वीच ठाऊक होते. मी विचारले नाही, म्हणून त्यांनी सांगितले नाही.

म्हणून पहिली गोष्ट हीच: पाळकांची बदली केव्हा अपेक्षित आहे, हे विचारावे. पहिल्या बैठकीत नव्हे, त्याच्याही आधी विचारावे, आणि पाळकांना व सेक्रेटरींना वेगवेगळे विचारावे, कारण दोघांची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. हा प्रश्न अवघडल्यासारखा वाटतो, आपण त्यांच्या जाण्याची वाट पाहत आहोत असा अर्थ निघेल अशी भीती वाटते. परंतु ‘आपण निघाल्यावरही हे काम चालावे म्हणून विचारतो आहे’ असे सरळ सांगितले तर कोणताही चांगला पाळक दुखावत नाही. माझ्या पाहण्यात बदल्या बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत, मुलांच्या शाळा सुरू होण्याआधी होतात. नक्की तारीख कोणालाच सांगता येत नसेल तर येत्या उन्हाळ्यातच बदली आहे असे धरून चालावे. कमिटीची मुदत केव्हा संपते हेही त्याच वेळी विचारावे. या दोन्ही तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्याशिवाय पुढचे काहीही आखू नये.

दुसरी तयारी म्हणजे निर्णय कोणाच्या हाती आहे हे समजून घेणे. आपल्याकडील मंडळ्या एका साच्यातल्या नाहीत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या. त्यांतील काहींना बिशपांनी केलेल्या नेमणुकीची सवय होती, तर काहींना, विशेषतः 1831 पासून अहमदनगर परिसरात काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांना, आपले निर्णय आपणच घेण्याची सवय होती. ती जुनी सवय नातवंडांपर्यंत उतरली आहे. एखादे वृद्ध पंच ‘हे मंडळीने ठरवायचे आहे’ असे म्हणतात तेव्हा तो हट्ट नसतो, त्यांच्या आजोबांच्या काळची रीत त्यांच्या तोंडून बोलत असते. स्वतंत्र मंडळ्यांत प्रकार निराळाच असतो. तेथे पाळकच संस्थापक असतात, त्यांची बदली होत नाही. परंतु तेथेही प्रश्न टळत नाही, त्याचे रूप बदलते: पाळक सहा महिने अंथरुणाला खिळले तर काय, हे विचारावेच.

नोंदवह्या आधी मागवून घ्याव्यात आणि सावकाश वाचाव्यात. नाताळच्या उपासनेची उपस्थिती पाहून कोणताही निष्कर्ष काढू नये, त्या दिवशी पुण्याहून, पिंपरी-चिंचवडहून, कल्याणहून सगळे घरी आलेले असतात. ज्या भागांतून माणसे ऊसतोडीला जातात तेथे दसरा-दिवाळीनंतर मार्च-एप्रिलपर्यंत बाके रिकामी असतात, म्हणून जुलैचा आकडा जानेवारीच्या आकड्याशी लावून ‘मंडळी घटली’ असे म्हणणे हा त्या कुटुंबांवर अन्याय आहे. मागच्या जुलैशी या जुलैचीच तुलना करावी. सभासदांच्या यादीत नावे असलेली, पण वर्षानुवर्षे शहरात राहून तेथील मंडळीत जाणारी कुटुंबे वेगळी मोजावीत, आणि ती नावे खोडण्याची सूचना मात्र कधीही करू नये, कारण त्या नावांशी दफनभूमीतील जागा आणि आईवडिलांच्या आठवणी जोडलेल्या असतात. मला सर्वांत उपयोगी ठरलेला आकडा कोणत्याही नोंदवहीत नसतो: मंडळीत नियमित काही ना काही काम करणारी माणसे किती? चाळीस कुटुंबांत ती पाच असतील, आणि त्यांपैकी दोन पाळकांच्याच घरातील असतील, तर बदलीच्या दिवशी उरतात तीन. हा हिशेब मी दहा महिने केला नाही.

कमिटीच्या प्रत्येक सभासदाला त्याच्या घरी जाऊन भेटावे, बैठकीत न बोलणाऱ्याला आधी. पाळकीणबाईंना, म्हणजे पाळकांच्या पत्नीला, स्वतंत्रपणे भेटावे आणि त्या काय काय सांभाळतात ते विचारून लिहून घ्यावे, कारण भगिनी मंडळ, शब्बाथशाळा, आजाऱ्यांच्या भेटी यांतील निम्मे काम कोणत्याही पदाशिवाय त्याच करत असतात. त्यांचीही बदली होते, हे ध्यानात घ्यावे. आदेशाच्या कागदावर एकच नाव असते आणि मंडळीतून दोन माणसे जातात. ही गोष्ट मी मोठ्या अक्षरांत लिहून समोर लावली आहे, आणि तरीही ती पुन्हा सांगतो: बदलीची तारीख विचारताना ‘पाळकीणबाईंचे काम कोण घेईल’ हा प्रश्न त्याच दमात विचारावा. कमिटीत नसलेली, परंतु जिच्या शब्दाला वजन आहे अशी एखादी वृद्ध आजी प्रत्येक मंडळीत असते. तिच्याकडे चहा घेतल्याशिवाय परतू नये.

पैशांचा हिशेब कमिटी ज्या रीतीने ठेवते ती पाहावी. अर्पण मोजताना दोन माणसे असतात की एकच, एवढे विचारावे, आणि एकच असेल तर ते त्याच महिन्यात सुधारण्यास सांगावे. जागेचे, विश्वस्तांचे आणि धर्मादाय आयुक्तांकडील प्रकरण चालू असेल तर त्याला हात लावू नये. लोक आपल्याला त्यात ओढू पाहतात. मी एकदा अर्धी दुपार त्यात घालवली, आणि त्या दिवशीचे खरे काम राहून गेले.

पहिल्या बैठकीसाठी एकच वचनभाग न्यावा, आणि तो बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 20व्या अध्यायातील असावा, असे मी आता आग्रहाने सांगतो. प्रेषित पौल मिलेताहून निरोप पाठवून इफिसच्या मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलावून घेतो, तीन वर्षांच्या आपल्या कामाची त्यांना आठवण देतो, आपले तोंड ते पुन्हा पाहणार नाहीत असे सांगतो आणि कळप त्यांच्या स्वाधीन करतो. निर्गम 18 मधील मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने दिलेला सल्ला किंवा कृत्ये 6 मधील सात जणांची निवड हे भागही चांगले आहेत, पण त्यांत पुढारी हजर आहे आणि कामाची वाटणी करतो आहे. मिलेतात पुढारी निघाला आहे. आपल्या बहुतेक मंडळ्यांची स्थिती ही दुसरी आहे. पाळकांनीच हा भाग वाचावा, आपण वाचू नये.

त्याच बैठकीसाठी एक तक्ता आखून न्यावा. पहिल्या रकान्यात काम, दुसऱ्यात ते आज करणाऱ्याचे नाव, तिसऱ्यात तो नसताना ते करू शकेल अशा माणसाचे नाव. उपासना चालवणे, प्रवचन, शब्बाथशाळा, घरोघरच्या सभा, आजाऱ्यांच्या भेटी, बाप्तिस्म्यापूर्वीचे शिक्षण, पेटी वाजवणे, किल्ली. किल्लीसुद्धा लिहावी. तिसरा रकाना जवळजवळ रिकामा राहील, आणि तो रिकामा दिसू देणे हेच त्या दिवशीचे काम आहे. घाईने भरू नये, आणि ‘होईल कोणीतरी तयार’ हे उत्तर तर मुळीच लिहू नये. नंतर प्रत्येक महिन्यात एक नाव, एवढीच गती ठेवावी. ज्याचे नाव लिहिले त्याने ते काम पाळक हजर असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत, तीनदा तरी करावे. आधीच्या मंडळीत मी नवे कार्यक्रम सुरू करवले आणि तिसरा रकाना आखलाच नाही. कार्यक्रम वाढणे म्हणजे मंडळी वाढणे असे मी समजलो होतो. नव्या सभेला माणसे जमतात तेव्हा तसे वाटणे साहजिक आहे, परंतु ती सभा दुसऱ्या माणसाला चालवता येत नसेल तर तिच्यामुळे पाळकांवरचे ओझेच वाढलेले असते.

भांडणांची तयारी ठेवावी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे पेटी-तबल्यावर की तरुण संघाची नवी गीते गिटारवर, हा वाद वरकरणी संगीताचा असतो, आत बहुधा ‘आम्हाला विचारले नाही’ एवढेच असते. मत्तय 18 मधील क्रम, म्हणजे आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीसमोर, हा कमिटीने शांत दिवसांत मान्य करून ठेवावा; वाद पेटल्यावर कोणी तो वाचू देत नाही. बदलीच्या आधीचे दोन-तीन महिने जुने वाद हटकून वर येतात, कारण पाळक जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या बाजूने निकाल द्यावा असे प्रत्येक गटाला वाटते. तारीख ठाऊक असेल तर हे आधीच ओळखता येते. ठाऊक नसेल तर आपण केवळ गोंधळून पाहत राहतो, जसा मी राहिलो.

बायबल, वही, खडू, बैठकीची वेळ यांबद्दल सांगण्याची गरज नाही. बैठक दीड तासात संपवावी.

चौथ्या-पाचव्या महिन्यापासून आपण बोलणे कमी करावे आणि बैठक कमिटीतीलच कोणाला चालवू द्यावी. सहाव्या महिन्यात तक्ता पुन्हा काढावा. पाळकांच्या डायरीतील माहिती, गोपनीय गोष्टी वगळून, प्रत्येक वस्तीच्या वेगळ्या वहीत उतरवून घ्यावी आणि ती वही त्या वस्तीतील माणसाच्या घरी ठेवावी. नवे पाळक आले की पहिल्या महिन्यात कमिटीने तक्ता त्यांच्यासमोर ठेवावा. ते काही बदलतील, बदलू द्यावे. आपण वर्षभराने एकदा जावे. जाण्यापूर्वी सेक्रेटरींना फोन करून गाडीची वेळ कळवावी, आणि नव्या पाळकांची मुदत केव्हा संपते तेही त्याच फोनवर विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.