पिस्तूल-रिव्हॉल्वरला लेझर लावायचंय? आधी हे बघा

ग्वाल्हेरात लायसन असलेली घरं किती आहेत ते काही वेगळं सांगायला नको, आपल्या लश्कर भागातल्या मराठी घरांतही आजोबांच्या दुनाळी बंदुकीच्या जागी आता ३२ बोरचं रिव्हॉल्वर आलंय. मग पोरं मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात आणि विचारतात, दादा, नेमाचा ठिपका टाकणारं लेझर कोणतं घेऊ. माझं उत्तर दरवेळी तेच असतं, लेझरचं नंतर बघू, आधी तुझं हत्यार टेबलावर ठेव. रिकामं करून, अर्थात.

कारण त्या व्हिडिओतल्या पिस्तुलांना नळीखाली रेल असते, खाचा असलेली पट्टी, तिच्यावर लेझर सरकवलं की काम झालं. आपल्याकडचं कानपूरचं ३२ बोर रिव्हॉल्वर वेब्ली मार्क फोरच्या घडणीवरचं, वरून मोडून उघडणारं, त्याला रेल कुठली. निर्भीक रिव्हॉल्वरलाही नाही, जुन्या अशनी पिस्तुलालाही नाही. म्हणजे रेलवालं लेझर कितीही छान असलं तरी तुमच्या कामाचं नाही. दुसरा प्रकार मुठीतला, म्हणजे मुठीच्या बाजूच्या पट्ट्याच बदलायच्या आणि त्यातच लेझर बसवलेलं असतं, क्रिमसन ट्रेसचे हे फार चालतात, पण ते स्मिथ अँड वेसन, रूगर असल्या ठरावीक मॉडेलच्या मापाचे असतात. "रिव्हॉल्वर ग्रिप" एवढंच वाचून मागवलं तर आपल्या फ्रेमवर बसणार नाही. तिसरा प्रकार चापाभोवतीच्या कडीला पकडणारा, आणि चौथा लेझरमॅक्सचा, पिस्तुलाच्या आतला स्प्रिंगचा दांडा काढून तिथेच लेझरवाला दांडा घालायचा. हा दिसत नाही, होल्स्टर, म्हणजे हत्याराचं म्यान, तेही जुनंच चालतं, पण रिव्हॉल्वरवाल्यांसाठी नाहीच आणि पिस्तुलातही मॉडेल जुळलंच पाहिजे.

जुळत नसेल तर मिस्त्रीकडे नेऊन फ्रेमला भोक पाडून घेऊ, हा विचार सोडा. हत्याराची दुरुस्ती किंवा फेरफार लायसन असलेल्या आर्म्स डीलरकडेच करायची असते, गल्लीतल्या लेथवर नाही. आणखी एक, लेझर बसवल्यावर हत्याराचा नंबर झाकला जात नाही ना ते बघा. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करायला जाल तेव्हा दिवाणजी आधी नंबरच वाचतो. कलेक्टोरेटच्या शस्त्र शाखेत विचारून घ्या, डीलरकडून पक्कं बिल घ्या, आणि परदेशातून पार्सलनं मागवायच्या भानगडीत पडू नका, कस्टममधे अडकलं की पैसेही गेले आणि वर नोटीस.

आता रंग. लाल घ्यावं की हिरवं यावर लोक तासन्तास भांडतात पण हिशोब सोपा आहे. लाल लेझर साधारण ६३५ ते ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचं, हिरवं ५२० किंवा ५३२ चं, आणि आपल्या डोळ्याला दिवसाउजेडी सगळ्यात जास्त दिसतं ते ५५५ च्या आसपास. म्हणून तितक्याच ताकदीचं ५३२ वालं हिरवं ६३५ वाल्या लालच्या चौपट तेजस्वी वाटतं, ६५० वाल्याच्या तर आठपट. मे महिन्यात दुपारी उघड्या मैदानात लाल ठिपका पाच-दहा मीटरपुढे शोधत बसावा लागतो, हिरवा दिसतो. पण घरात, संध्याकाळी, खोलीच्या अंतरावर लाल पुरतं, स्वस्त पडतं आणि बॅटरी जास्त चालते.

हिरव्यातही दोन जाती आहेत हे दुकानदार सांगत नाही. ५३२ वालं जुन्या पद्धतीचं, त्यात ८०८ चा डायोड एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ निघतं आणि मग ते दुप्पट वारंवारतेचं करून ५३२ मिळतं. एवढी कसरत असल्यामुळे थंडी-उन्हाचा त्याच्यावर परिणाम होतो, आणि आपल्याकडे जानेवारीत दोन-तीन डिग्री आणि मेमधे पंचेचाळीसच्या वर, तेव्हा समजून घ्या. ५२० वालं थेट हिरव्या डायोडचं, भाग कमी, त्रास कमी. मला विचाराल तर हिरवं घ्यायचंच तर ५२० घ्या. स्वस्तातल्या ५३२ मधे तर फिल्टरच नसतो आणि न दिसणारं इन्फ्रारेड बाहेर पडत राहतं, डोळा मिटायची वेळही कळत नाही. लेबलवर ५ मिलिवॉट किंवा कमी आणि लेझरच्या सुरक्षेचा वर्ग, क्लास ३आर, लिहिलेला हवा. शंभर मिलिवॉट लिहून विकतात ते सरळ नाकारा, निशाण्याला त्याचा काही उपयोग नाही, डोळ्यालाच धोका.

सगळ्यात जास्त गैरसमज झीरो करण्याबद्दल, म्हणजे ठिपका आणि गोळी एका ठरावीक अंतरावर जुळवण्याबद्दल आहे. लोकांना वाटतं ठिपका जिथे, गोळी तिथे. लेझर नळीच्या खाली असतं, समजा ४ सेंटीमीटर खाली, आणि तुम्ही ते १० मीटरवर जुळवलं, तर ५ मीटरवर गोळी ठिपक्याच्या साधारण २ सेंटीमीटर वर लागणार, आणि १५ मीटरवर २ सेंटीमीटर खाली, त्यात गोळी स्वतः खाली येते ती भर वेगळीच. म्हणून तुम्ही ज्या अंतरावर हत्यार वापरायची शक्यता आहे तेच धरा, ३२ बोरला ७ ते १० मीटर ठीक आहे, आणि लेझर नळीच्या जितकं जवळ बसेल तितका हा फरक कमी. घेताना बघा की वर-खाली आणि डावी-उजवीकडे दोन्ही स्क्रू आहेत, एलन की बरोबर दिलीय, आणि स्क्रू फिरवल्यावर जागेवर राहतो, डुगडुगत नाही. रेंजवर जाऊन एक डबी गोळ्या चालवा आणि परत तपासा. धक्क्यानं ठिपका सरकला असेल तर ते लेझर परत करा, स्क्रूत गोंद भरत बसू नका.

स्विचकडे फार कोणी बघत नाही. मूठ धरली की आपोआप पेटणारं सगळ्यात बरं, कारण घाबरलेल्या माणसाला छोटं बटण सापडत नाही. डावखुरे असाल तर स्वतः हातात धरूनच घ्या. बॅटरी आपल्या महाराज बाड्याच्या बाजारात मिळणारी असावी, सीआर२०३२ किंवा ट्रिपल ए, उगाच कुठली दुर्मिळ गोल सेल नको. आणि होल्स्टर, रेलवालं किंवा कडीवालं लेझर लावलं की जुनं होल्स्टर बहुतेक वेळा निरुपयोगी होतं, तो खर्च आधीच धरा. बॅटरी संपली तर काय, तर नेम धरायच्या मूळ फोरसाइट-बॅकसाइट आहेतच, त्यामुळे त्यांना झाकणारं लेझर नको.

ठिपका माणसावर म्हणजे नळी माणसावर, लग्नाच्या वरातीत पोरांना दाखवायला काढायचं नाही. तशीही २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आकाशाकडे तर अजिबात नाही, महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरची विमानं डोक्यावरून जातात आणि पायलटच्या डोळ्यात लेझर गेलं तर काय होईल ते सांगायला नको.

खरा फायदा मला घरच्या सरावात दिसतो. हत्यार दोनदा उघडून बघायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत, आणि समोर पक्की भिंत. ठिपका भिंतीवरच्या एका खुणेवर ठेवून चाप हळूहळू दाबा. चाप सुटताना उजव्या हाताच्या माणसाचा ठिपका खाली-डावीकडे उडाला तर तो चापाला हिसका देतोय, आणि ते साध्या साइटवर इतकं सहज दिसत नाही. निडर वगैरे २२ बोर रिव्हॉल्वर असेल तर नकली काडतूस घातल्याशिवाय हे करू नका, पिन गोळी बसते त्या घराच्या कडेवर आपटते. आणि कुणाला १० मीटर एअर पिस्तूल नाहीतर २५ मीटरची स्पर्धा खेळायची असेल तर त्यानं हा खर्च करूच नये, आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या (आयएसएसएफच्या) नियमांत पिस्तुलाला उघड्या साइटच चालतात, लेझर चालत नाही, तेवढ्या पैशात चांगल्या गोळ्या येतील.