सीएमईचे पॉइंट जुळेनात, तेव्हा

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडच्या डॉक्टरांच्या नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी, त्यासाठी सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणासाठीच्या कार्यक्रमांचे, ३० क्रेडिट पॉइंट. वर्षाला सरासरी ६. उदगीर किंवा देगलूरहून लातूर-नांदेडची सीएमई गाठायची म्हणजे अख्खा रविवार जातो. तो नोंदीअभावी वाया जाऊ नये.

घोळ बहुधा हजेरीपटावरच होतो. नोंदणी क्रमांकाचा एक आकडा चुकला, किंवा लग्नानंतरचं नाव लिहिलं आणि कौन्सिलकडे माहेरचं असलं, की पॉइंट खात्यावर दिसत नाहीत. नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि त्यात बघूनच लिहा. हॉल सोडण्याआधी सर्टिफिकेटवर नाव, तारीख, मान्यता क्रमांक आणि पॉइंट तपासा.

घरी एक्सेलमध्ये तारीख, गाव, विषय, आयोजक, पॉइंट असे रकाने केले. खरा उपयोग झाला तो शेवटच्या 'जमा' या रकान्याचा. कौन्सिलच्या खात्यावर पॉइंट दिसले तरच तिथे खूण, आणि बेरीज फक्त खूण केलेल्यांचीच. नुसत्या सर्टिफिकेटांची बेरीज फसवते. मोजणी जानेवारीपासून नव्हे, आपल्या नोंदणीच्या मुदतीप्रमाणे धरा.

महिनाभरात पॉइंट दिसले नाहीत तर सर्टिफिकेट जोडून आयोजकांना ईमेल करा. फोनवरचं बोलणं विसरलं जातं, आणि कार्यकारिणी बदलली की जुना हजेरीपट कुणाच्या कपाटात आहे हेही कळत नाही. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, '२०२४-०८-११ लातूर मधुमेह' असं. यादी आपोआप क्रमाने लागते.