जुन्या चेनसॉचा ऑइलर: टाकी भरलेली, चेन कोरडी

ऑइलर म्हणजे चेनला तेल पोचवणारा पंप. आधी बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) काढून इंजिन चालवलं. बॉडीच्या भोकातून तेल आलं असतं, तर दोष बारच्या बुजलेल्या भोकात असता, आलं नाही. तेलटाकीचं झाकण सैल करूनही फरक नाही, म्हणजे टाकीचं हवेचं छिद्र मोकळं.

मग पंपापर्यंत पोचायला क्लच काढला. त्यासाठी स्पार्क प्लगच्या भोकातून दोरी सारून पिस्टन अडवायचा; क्लचचे आटे बहुधा उलटे असतात. टाकीतून तेल ओढणारी सक्शन नळी चिरली होती, पंप नुसती हवा ओढत होता. त्याच मापाची नायट्राइल (तेलाला टिकणाऱ्या रबराची) नळी घातली, तेल गाळणारी जाळी पेट्रोलने धुतली. पंप फिरवणाऱ्या वर्म गिअरचे दात शाबूत होते.

गोव्यात कोणी खोबरेल भरतात. ते २४ अंशांखाली थिजतं. डिसेंबरात सत्तरी तालुक्यातल्या पहाटे पंप तुंबणारच. जळकं इंजिन ऑइल तर नकोच, त्यातला धातूचा कीस पंप झिजवतो.

चेन चढवून बारचं टोक पुठ्ठ्याजवळ धरून रेस दिली: तेलाची रेघ उमटली.