जांघेतली खाज जात नाही? या चुका टाळा

मेडिकलमध्ये हळू आवाजात ‘खाजेचं मलम द्या’ म्हणायचं आणि मिळेल ती ट्यूब घरी आणायची. जांघेतला नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग, चिवट होतो तो अनेकदा इथूनच.

ती ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. त्याने लाली आणि खाज दोन-चार दिवसांत बसते, पण बुरशीला रोखणारी त्वचेची ताकदही दबते. मलम थांबवलं की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन उठतो. नायट्याची लाल, खवलेदार कड पुसट होते, म्हणून निदानही अवघड जातं. अंडकोषाच्या कातडीतून तर हाताच्या तुलनेत सुमारे 40 पट स्टेरॉइड शोषलं जातं. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, आग होते आणि जांघेत पडलेले ताणाचे व्रण (स्ट्रेच मार्क) सहसा जात नाहीत.

बुरशीचं साधं मलमसुद्धा चुकीचं लावलं जातं. चट्ट्याच्या कडेबाहेर 2 सेंटिमीटरपर्यंत लावा आणि त्वचा साफ दिसू लागल्यावरही निदान 2 आठवडे चालू ठेवा. खाज थांबली म्हणजे बुरशी गेली, असं नसतं. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला न जुमानणारी बुरशी भारतात आता बरीच आढळते. त्यामुळे मित्राच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या आणून घेऊ नका.

करदोटा बांधत असाल तर उपचार संपेपर्यंत काढून ठेवा. त्याखाली घाम साचतो आणि बुरशी तिथे टिकून राहते. टॉवेल वेगळा ठेवा. पावसाळ्यात ओलसर चड्डी अंगावर वाळवू नका. ती गरम पाण्यात धुऊन, उलटी करून उन्हात घाला. घरात आणखी कुणाला चट्टे असतील तर त्यांचाही उपचार एकाच वेळी हवा, नाहीतर नायटा फिरत राहतो.

जंतुनाशक द्रव, फिटकरी, लसूण, टूथपेस्ट यांतलं काहीही तिथे लावू नका. नाजूक कातडी भाजते आणि मूळ आजाराला वर एक जखम मिळते.

आणि प्रत्येक खाज नायटा नसते. नायटा सहसा अंडकोष सोडून मांडीकडे पसरतो. रात्री वाढणारी खाज, शिश्नावर किंवा अंडकोषावर कडक गाठी, घरात इतरांनाही खाज, असं असेल तर खरजेचा संशय घ्या. शिश्नाच्या पुढच्या त्वचेखाली लाली, पांढरा थर आणि बारीक चिरा पुन्हा पुन्हा होत असतील तर रक्तातली साखर तपासा. कित्येकांचा मधुमेह अशाच तक्रारीतून कळतो. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांमुळे लघवीतून साखर जाते आणि हा त्रास वाढू शकतो. गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. शिश्नाची पुढची त्वचा पांढरी, कडक होऊन मागे सरकेनाशी झाली तर ती जबरदस्तीने ओढू नका.

फोड, व्रण किंवा 2-3 आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. लाज वाटते म्हणून पुरुष थांबतात, आणि तेवढ्यात आजार वाढतो. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या. त्या दिवशी सकाळी तिथे काही लावू नका: कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहायची असते आणि मलमाच्या थरामुळे ती दिसत नाही.