जुन्या डेकवर फोमची मॅट: गोंदाआधीची कामं

बोटीच्या डेकवर मी पहिल्यांदा चिकटवलेली मॅट (मागे गोंद लावूनच येते ती) बाविसाव्या दिवशी निघाली. मागच्या झाकणाची कड जरा उचललेली दिसली म्हणून बोट घालून बघितलं, तर अख्खा तुकडा हातात आला. मागचा गोंद जसाच्या तसा होता, फक्त त्यावर खडूसारखी पांढरी भुकटी बसलेली. गोंदाने त्याचं काम चोख केलं होतं. समोर जे आलं त्याला तो घट्ट धरून बसला, आणि समोर आली होती ती जुन्या जेलकोटची, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत वरच्या थराची, भुकटी.

माझी बोट सतरा फुटी, फायबरची, २६ वर्षांची. माझ्या आधी दोन मालकांनी वापरलेली. आणि मी शिवणकाम करणारी बाई. मोजमाप, खाका, कापणं हे हाताखालचं. त्यामुळे मॅट कापायला जमेल याची खात्री होती, आणि ते जमलंही. फसले ती डेकच्या तयारीत. म्हणून इथेही तयारीबद्दलच जास्त सांगते.

ठोकून बघा

गुडघ्यावर बसून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने अख्खा डेक वीतभर अंतराने ठोकत जा. चांगल्या जागी टणक ‘टक्’ असा आवाज येतो. जिथे ‘बद्द’ असा मेलेला आवाज येईल तिथे खडूने गोल करा. अशा बऱ्याच डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्साचं लाकूड असतं. जुन्या खुर्चीच्या, दांड्याच्या, कसल्याशा हुकाच्या स्क्रूच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी मुरतं आणि ते लाकूड कुजतं. त्यावर मॅट घातली की दिसायला छान होतं, पण खालचं कुजणं चालूच राहतं आणि पाय आत जाईपर्यंत तुम्हाला पत्ता लागत नाही. माझ्याकडे जुन्या खुर्चीच्या पायाजवळ तळहाताएवढ्या दोन जागा निघाल्या. वरचं कवच कापून ओलं लाकूड काढणं, आत वाळवणं, नवं लाकूड एपॉक्सीत (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेत) बसवणं यात महिना गेला. ते काम वेगळं आहे, त्याच्या तपशिलात जात नाही. पण ते मॅटच्या आधी करायचं असतं, नंतर नाही. आणि आता वापरात नसलेलं प्रत्येक भोक, कितीही लहान असो, एपॉक्सीने बुजवून घ्या.

साफसफाई, आणि तिचा क्रम

क्रम चुकला की मेहनत वाया. मी पहिल्या वेळी थेट पॉलिश पेपर घेऊन बसले होते. डेकवर जुनं मेण असेल (आणि जुन्या बोटीवर ते कोणीतरी कधीतरी लावलेलं असतंच), तर घासल्याने ते निघत नाही, ओरखड्यांत आणखी खोल दडपलं जातं. आधी मेण, मग घासणं.

साबणाच्या पाण्याने ब्रशने धुवून पूर्ण वाळू द्या. कुठे जुन्या कार्पेटचा गोंद असेल तर हीट गन लांबून फिरवून, गरम असतानाच प्लॅस्टिकच्या पातीने खरवडा. लोखंडी पाती जेलकोटमध्ये चर पाडते. झाकणांच्या भोवती सिलिकॉन भरलेलं असेल तर ते नखाने, पातीने, जमेल तसं कोरडंच उचकटून काढा. थिनरच्या फडक्याने पुसू नका, त्याने सिलिकॉनची पातळ साय सगळीकडे पसरते. सिलिकॉनवर मॅटचा गोंद धरत नाही.

मग मेण. दोन फडकी घ्यायची. एक ॲसिटोनमध्ये ओलं, दुसरं कोरडं. हातभर जागा ओल्याने पुसायची आणि ती वाळायच्या आत कोरड्याने टिपून घ्यायची. ॲसिटोन उडून गेलं तर विरघळलेलं मेण पुन्हा तिथेच बसतं. फडकी सारखी बदलायची. रंगवलेल्या डेकवर ॲसिटोन नको, रंग मऊ पडतो. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा.

ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, जाऊन साठते. बॅटरीची जोडणी काढा, झाकणं उघडी ठेवा, आसपास ठिणगी नको. पातळ नायट्राइलचे हातमोजे ॲसिटोनपुढे काही मिनिटंच टिकतात. ब्युटाइल रबराचे घ्या.

झालं का हे कसं कळायचं? पाणी शिंपडा. पाणी सपाट पसरून राहिलं तर मेण गेलं. थेंब गोळे होऊन बसले तर पुन्हा दोन फडकी. मला तीन फेऱ्या लागल्या. तिसरीला धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, आता तू डेकच पातळ करशील.” त्याला म्हटलं, फडकं धर.

आता घासणं. डेकवर घसरू नये म्हणून हिऱ्यासारखी उठावाची नक्षी असते. फोम त्या टोकांवरच टेकतो, खालच्या खोलगट भागात गोंदाला काही लागतच नाही. म्हणजे हातभर मॅट चिकटवली तरी खरी पकड वीतभराचीच. ८० नंबरच्या कागदाने टोकं बोथट करा, मग १२० ने सगळीकडे एक हात. जेलकोटच्या आत काचेचे धागे दिसायला लागले तर फार झालं, ती जागा एपॉक्सीने बंद करावी लागेल. नक्षी फारच खोल होती तिथे मी एक जास्तीचं काम केलं: मॅटची कड जिथे येणार तिथे दोन इंच रुंद पट्टा एपॉक्सीच्या पुट्टीने भरून सपाट केला. मॅट कडेपासूनच सुटते, त्यामुळे कडेला बसायला नीट जागा हवी. एपॉक्सी वाळल्यावर तिच्यावर कधीकधी मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने निघतो. आधी तो धुवायचा, मग घासायचं.

फायबरची धूळ अंगाला खाजते आणि छातीत जाते. मास्क आणि पूर्ण बाह्या.

शेवटी पुन्हा तेच, ओलं फडकं आणि कोरडं फडकं, कोरड्यावर पांढरं यायचं थांबेपर्यंत. पहिल्या वेळी मी इथेच कंटाळले होते. डेक रंगवलेला असेल तर एक चाचणी आणखी: चांगली चिकट टेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. रंग टेपला येत असेल तर तो मॅटलाही येणार.

खाका

इथे मी घरच्या मैदानात होते. ब्लाउजच्या दोन्ही बाह्या कापड दुमडून एकदम कापतात. बोटीत तसं करू नका. डावं-उजवं दिसायला सारखं असतं, पण माझ्या बोटीत डाव्या आणि उजव्या बाजूत एक सेंटिमीटरचा फरक निघाला. प्रत्येक जागेचा वेगळा खाका काढा.

कागद दमट हवेत फुगतो, त्यामुळे मी जाड पारदर्शक प्लॅस्टिक वापरलं. त्यात जागोजागी त्रिकोणी खिडक्या कापून वरून टेप लावली की खाका डेकवर हलत नाही. मार्करने बाहेरची रेघ ओढा आणि कडेपासून ६ मिलिमीटर आत कापायची रेघ ओढा. पाणी वाहून जाण्याचे चर झाकायचे नाहीत. झाकणांच्या फटीवरून मॅट सलग न्यायची नाही, झाकणाचा तुकडा वेगळा. बिजागरीजवळ झाकण पूर्ण उघडून बघा, मॅटच्या जाडीने ते अडत नाही ना. ५-६ मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण माझं एक झाकण त्यानेच अर्ध्यात थांबलं.

कोपरे टोकदार ठेवू नका. बाटलीचं झाकण ठेवून गोल करा. टोकात पाय, दोरी, मासेमारीचा गळ, काहीही अडकतं आणि उचलायला सुरुवात तिथूनच होते.

प्रत्येक खाक्यावर ‘वरची बाजू’ लिहा आणि बोटीच्या पुढच्या टोकाकडे बाण काढा. मॅट मागच्या बाजूने कापणार असाल तर खाका उलटा ठेवावा लागतो. अर्धं आयुष्य सुलट-उलट बघण्यात घालवूनही मी एक तुकडा आरशातला कापलाच.

मॅटवर रेघा असतील तर बोटीच्या मधोमध दोरी ताणून सगळे तुकडे त्या दोरीला समांतर मांडा. खाक्याची कड डोळ्याला फसवते, दोरी फसवत नाही.

कापायच्या आधी गुंडाळी उलगडून सपाट जागेवर, सावलीत, एक दिवस पडू द्या. कटरची पाती नवी हवी आणि मीटर-दीड मीटरनंतर मोडून पुढची काढायची. पोलादी पट्टी, पाती अगदी उभी, एका दणक्यात न कापता दोन हलके हात. पाती कलली तर कड तिरकी येते आणि लांबूनही दिसते. वळणावर मनगट फिरवण्यापेक्षा मॅट फिरवा.

चिकटवणं

खरं तर हे सगळ्यात सोपं. डेक पूर्ण कोरडा हवा, आणि तापमान १० ते ३५ अंशांच्या मध्ये. पहाटे दंव असतं, दुपारी डेक तापलेला; मी दहाच्या सुमाराला, सावली करून सुरुवात केली.

तुकडा कोरडाच मांडा, पेन्सिलीने बाहेरची रेघ ओढा. अर्ध्या भागावर वजन ठेवून अर्धा परत दुमडा, त्याचा मागचा कागद सोलून कापून टाका आणि मधून कडेकडे हळूहळू टेकवत न्या. मग दुसरा अर्धा. ओढू नका. ताणून बसवलेला फोम पुन्हा आखडतो आणि कडा सुटतात. कमी पडला तर कमी पडला. वाकडं पडलं तर दाबायच्या आधी, पहिल्या मिनिटभरातच उचला. दुसऱ्यांदा उचललात तर पकड कमी होणारच.

हा गोंद दाबाने धरतो. लाकडी किंवा रबरी रोलर घेऊन अंगाचं वजन टाकून मधून बाहेर, कडांवर दोनदा. नुसत्या हाताच्या दाबावर विसंबू नका. कडांसाठी गोंदाच्या कंपनीने प्रायमर (आधी लावायचा, पकड वाढवणारा द्रव) सांगितलं असेल तर ते लावा, माझ्या कडा त्यानेच टिकल्या आहेत.

मग थांबायचं. अशा ॲक्रिलिक गोंदाला खोलीच्या तापमानात २० मिनिटांत साधारण निम्मी, २४ तासांत नव्वद टक्के आणि ७२ तासांत पूर्ण पकड येते. थंडीत जास्त वेळ लागतो. मी एक दिवस पाऊल टाकलं नाही आणि तीन दिवस पाणी लावलं नाही. भाऊ दुसऱ्या दिवशीच बूट घालून आला होता, त्याला काठावरूनच परत पाठवला.

नंतर

गडद रंग घेतलात तर उन्हात अनवाणी उभं राहवत नाही. माझी मॅट फिकट राखाडी आहे. डाग दिसतात, पण तळवे भाजत नाहीत. साबण आणि मऊ ब्रश पुरतो. जोरदार फवाऱ्याचं पाणी कडेवर मारू नका, आणि फोमवर ॲसिटोन कधीच नाही. जड पेटी ठेवून खड्डा पडला तर घाबरू नका, एक दिवस उन्हात राहिलं की बराच वर येतो.

कुठे कोपरा सुटला तर लगेच बघा, आत वाळू गेली की काम वाढतं. दोन्ही बाजू पुसून, वाळवून, कॉन्टॅक्ट गोंदाचा पातळ थर दोन्हीकडे लावा, चिकट होईपर्यंत थांबा आणि दाबा. कापताना उरलेले तुकडे फेकू नका. मी ते आणि सगळे खाके सपाट ठेवलेत, बाणांसकट.